ब्रदर डॉयलची न बोललेली विनंती

डॉयल क्रीच हा माणूस धरून ठेवण्यासाठी प्रसिद्ध होता. कुणी जमीन धरून ठेवतं, कुणी मनात अढी धरतं, कुणी सख्ख्या भावाशी चाळीस वर्षं अबोला धरतं. डॉयलने लघवी धरली. एकतीस वर्षं त्याने कौंटीच्या शाळेची सेहेचाळीस नंबरची पिवळी बस चालवली आणि त्या एकतीस वर्षांत त्या कामासाठी बस एकदाही थांबली नाही, ना त्याच्यासाठी, ना पोरांसाठी. पाइन फोर्क गावच्या चर्चच्या मंडळीत कुणी नवा माणूस आला की हात मिळवून झाल्यावर तिसऱ्या वाक्याला ही गोष्ट त्याला कळायचीच.

पहाटे निघण्यापूर्वी तो गोड चहाचा मोठा ग्लास रिचवायचा. त्याची बायको वर्लीन तो चहा असा करायची की बर्फ घालून गार केल्यावरही त्यात चमचा उभा राहावा. मग रताळ्यांच्या शेतांमधून सतरा मैल, बावन्न मुलं आणि मागच्या बाकावरून कधीतरी वर आलेला एक चिमुकला हात.

"मिस्टर डॉयल, मला जायचंय."

"धर."

"खूप लागलीय हो."

"मी धरलंय ना? मग तूही धर. त्यानं चारित्र्य घडतं."

कुणाचं किती चारित्र्य घडलं ते देवाला ठाऊक. बसच्या मागच्या तीन सीटा मात्र दर उन्हाळ्यात बदलाव्या लागत.

तर असा हा डॉयल त्रेसष्ट वर्षांचा झाला आणि धरण्याचा कारभार त्याच्या हातून गेला. म्हणजे धरणं जमत होतं, सोडणं जमेना. आधी नुसती वाट पाहावी लागे. उभं राहायचं, भिंतीवरच्या कॅलेंडरातला बदकांचा थवा मोजायचा, अकरा बदकं मोजून झाली की धार यायची. मग थवा दोनदा मोजावा लागू लागला. मग धारेचं सूत झालं, सुताचे थेंब झाले, आणि एवढं करून बाहेर आल्यावर दहा मिनिटांत पुन्हा वाटायचं की अजून आहे.

दुसरा कुणी असता तर डॉक्टरकडे गेला असता. डॉयलने उपाय शोधला: पाणी कमी प्यायचं. आवकच बंद केली की जावक कशाला लागेल? हा हिशोब त्याला इतका पटला की दुपारचं पाणी तर त्याने सोडलंच, औषधाच्या गोळ्याही तो कोरड्या गिळू लागला. गुरांच्या खाद्याच्या दुकानात कुठल्याशा झाडाच्या फळांपासून केलेल्या, पुरुषांच्या लघवीवरच्या गोळ्यांची एक बाटली मिळायची, तिच्यावर शिंगं रोखलेल्या रेड्याचं चित्र होतं. ती त्याने घोड्याच्या खरजेच्या मलमाबरोबर, मलमाच्या खाली लपवून, विकत आणली.

शरीर बिचारं आपल्या परीने सांगत होतं. शरीरासारखा सज्जन निरोप्या नाही. आधी दार वाजवतो, मग खिडकी, मग कौलांवरून हाका मारतो. कमरेच्या वर, दोन्ही बाजूंना जडजड दुखायचं, डॉयल म्हणाला बसच्या सीटचा दोष. संध्याकाळी घोटे सुजायचे आणि मोज्याचा काठ कातडीत रुतलेला दिसायचा, डॉयल म्हणाला हल्ली मोजेच घट्ट येतात. दुपारी बसल्या जागी डोळा लागायचा, म्हणाला वय. अन्नावरची वासना उडाली, मळमळू लागलं, तर म्हणाला शेजारच्या लूडीने बटाट्याच्या सॅलडमध्ये अंडी जुनी घातली असणार. अंगाला खाज सुटली, म्हणाला साबण बदललाय. एका माणसाच्या एका दुखण्यासाठी त्याने सीट, मोजे, वय, अंडी आणि साबण अशा पाच निरपराधांना फाशी दिली.

आणि मग ती गोष्ट झाली जी साबणावर ढकलता येईना. फेब्रुवारीतल्या एका पहाटे तो उठला तर अंथरूण ओलं.

वर्लीन परसातल्या कोंबड्यांना दाणे टाकायला गेली होती. डॉयलने चादर ओढून काढली आणि धुलाईच्या खोलीत जाऊन यंत्रासमोर उभा राहिला. अडतीस वर्षांच्या संसारात त्याने त्या यंत्राला हात लावला नव्हता. तीन बटणं दाबल्यावर ते सुरू झालं. वर्लीन परत आली तेव्हा डॉयल स्वयंपाकघरात उभा राहून अगदी साध्या चेहऱ्याने बिस्किटाला लोणी लावत होता.

"यंत्र कुणी लावलं?" वर्लीनने विचारलं.

"मी."

"तू?"

"म्हटलं, तुला जरा मदत."

वर्लीनने त्याच्याकडे असं पाहिलं जसं माणूस दार उघडं ठेवून गेलेल्या घराकडे पाहतो. काही चोरीला गेलंय हे नक्की, काय ते तपासायचं बाकी.

आता पाइन फोर्कच्या मंडळीतली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यातून झाला. बुधवारी संध्याकाळी तळलेलं कोंबडं आणि लोण्यात शिजवलेले वाल खाऊन झाले की प्रार्थनासभा भरते. पाळक कागद घेऊन उभे राहतात आणि लोक हात वर करून विनंत्या सांगतात. कुणाचा गुडघा, कुणाच्या भाच्याची नोकरी, कुणाची गाभण गाय. ज्याला आपलं दुःख चारचौघांत सांगता येत नाही तो हात वर करून एवढंच म्हणतो, "न बोललेली." पाळक त्याचं नाव लिहून पुढे एक आडवी रेघ ओढतात आणि सगळे त्या रेघेसाठी प्रार्थना करतात. विचारायचं नाही, हा नियम. देवाला सगळं ठाऊक असतंच. प्रश्न उरतो तो बाकीच्या चाळीस जणांचा.

मार्चच्या पहिल्या बुधवारी डॉयलचा हात वर गेला.

"बोला, ब्रदर डॉयल," पाळक ट्रेंट म्हणाले. ते एकतीस वर्षांचे होते, दाढी नुकतीच जमली होती आणि उत्साह फार होता.

"न बोललेली."

खोलीभर माना वळल्या. डॉयल क्रीच! मंडळीचा कारभार पाहणाऱ्या सहा डीकनांपैकी एक! उपदेश दीड तास चालला तरी जो जागचा हलत नाही तो डॉयल! शेजारी बसलेल्या वर्लीनने मान वळवली नाही, पण तिच्या मांडीवरचा कागदी रुमाल हळूहळू बारीक तुकड्यांत वाटला गेला.

दर बुधवारी तेच. दुसरा, तिसरा, चौथा. डॉयलला खरंच वाटत होतं की हे पुरेसं आहे. तो भाविक होता यात शंका नाही, रोज गुडघे टेकायचा. पण देवाकडे त्याने बरं होणं मागितलंच नव्हतं. त्याने मागितलं होतं ते असं: कुणाला न कळता बरं होणं. या दोन मागण्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एक विनंती असते, दुसरी अट.

नियम न विचारण्याचा होता, ओळखण्याचा नव्हता. मिस लूडी (तिकडे सासू झालेल्या बाईलाही मानाने मिसच म्हणतात), जिचं बटाट्याचं सॅलड मघाशी फुकट बदनाम झालं, ती या कामात मुरलेली होती. ती कधी कुणाची निंदा करत नसे. ती फक्त प्रार्थनेसाठी माहिती गोळा करायची.

"मी नाव घेणार नाही," ती टेलिफोनवर म्हणायची, "पण नेमकी प्रार्थना करायची तर नेमकं कळायला नको का? तो परसातल्या छपरीमागे दिवसातून आठ वेळा जातो. माझ्या खिडकीतून दिसतं. मी मुद्दाम बघत नाही हं. भांडी तिथेच घासते मी."

"आठ वेळा?"

"आठ. आणि येताना तोंड पुसत येतो."

तो कपाळ पुसत असे, घाम; वर्लीनने फेऱ्या मोजू नयेत म्हणून थेंबांसाठी तिथे जाऊन जोर करायचा. पण छपरी, आठ वेळा, तोंड पुसणं, दुपारची झोप, सुजलेला चेहरा, लटपटती चाल: पाइन फोर्कमध्ये ज्यांना दोन आणि दोन मिळवता येतात त्या सगळ्यांचं उत्तर एकच आलं. बाटली. ज्या गावात चर्चच्या आवारात दारूचं नाव काढायचं असलं तरी आधी इकडेतिकडे बघतात, त्या गावाचा डीकन पितो!

वर्लीनचं उत्तर मात्र वेगळं होतं. बाटलीसाठी कुणी चादरी धूत नाही.

आठवड्यातून तीनदा, मग चारदा, मग रोज. शेवटी एका सकाळी ती धुलाईच्या खोलीच्या दारात हात बांधून उभी राहिली.

"कोण आहे ती?"

"कोण ती?"

"मला मूर्ख समजू नकोस, डॉयल. अडतीस वर्षं तुला साबण कुठल्या फडताळात असतो ते ठाऊक नव्हतं. आता रोज पहाटे चादरी धुतोस. माझ्याच अंथरुणात आणतोस का तिला, मी कोंबड्यांपाशी असताना?"

"वर्लीन! अगं, कोंबड्यांपाशी तू वीस मिनिटं असतेस."

"म्हणूनच विचारतेय. तुला कधीपासून एवढी घाई जमायला लागली?"

देव क्षमा करो, पण एक क्षण डॉयलला वाटलं की हो म्हणून टाकावं. बाईच्या भानगडीत माणसाचं घर बुडतं पण मिशी तरी ताठ राहते. ओल्या चादरीत काय राहतं? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. डॉयलने मूठ अशी आवळली होती की तिच्यात बायको, मंडळी आणि दोन मूत्रपिंडं एकदमच गुदमरत होती.

"तसं काही नाही," तो म्हणाला.

"मग कसं आहे?"

"न बोललेलं आहे."

वर्लीनने त्याच दिवशी बहिणीला फोन करून तिची पाहुण्यांची खोली रिकामी आहे का ते विचारलं. आणि कपाटावरची प्रवासाची बॅग उतरवून पलंगाशेजारी ठेवली, उघडी. भरली नाही. नुसती उघडी ठेवली, डॉयलला दिसेल अशी.

एप्रिल आला. पाइनच्या झाडांनी वर्षाचा पिवळा परागांचा सडा टाकला. गाड्या पिवळ्या, अंगणं पिवळी, कुत्री पिवळी. डॉयलचं नाक दरवर्षीप्रमाणे वाहू लागलं. शुक्रवारी त्याने दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणल्या, नाक मोकळं करणाऱ्या, आणि नेहमीच्या हिशोबाने एकाऐवजी दोन घेतल्या. शनिवारी सकाळी आणखी दोन. पुड्यावर मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की लघवीला त्रास होत असल्यास डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. डॉयलने ते वाचलं नाही. वाचलं असतं तरी 'त्रास' हा शब्द त्याने आपल्याला लावून घेतला नसता.

नाक मोकळं झालं. खालचं दार पुरतं लागलं.

शुक्रवार रात्रीपासून थेंब नव्हता, शनिवारी सकाळी सातलाही आला नाही. नऊला नाही. अकराला तो छपरीमागे कुंपणाला धरून उभा होता आणि बेंबीखाली पोट असं टणक वर आलं होतं जसं कुणी आत कलिंगड ठेवून शिवून टाकलंय. लूडी भांडी घासत होती.

दुपारी दोन वाजता दारावर टकटक झाली. पाळक ट्रेंट, त्यांच्या मागे चार डीकन, आणि सर्वांत शेवटी काठी टेकत ब्रदर आल्टन. आल्टन एक्याऐंशी वर्षांचे होते. पूर्वी तेही डीकन होते आणि प्रौढांचा शास्त्रवर्ग चालवायचे. चार वर्षांपूर्वी तो वर्ग त्यांच्याकडून काढून घेतला गेला होता, का ते कुणी मोठ्याने बोलत नसे. ते आज आले होते कारण गाडी त्यांच्या घरावरून जात होती आणि त्यांनी ती थांबवली होती.

"ब्रदर डॉयल," सगळे बैठकीत बसल्यावर पाळकांनी सुरुवात केली, "आम्ही प्रेमाने आलो आहोत."

डॉयल उभाच होता. त्याला बसता येत नव्हतं.

"बसा ना."

"नको."

"बघा," एक डीकन दुसऱ्याच्या कानात म्हणाला, "तोल जातोय म्हणून भिंत धरलीय."

वर्लीन दारात उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, हिशोब होता.

"सात बुधवार झाले," पाळक म्हणाले, "आम्ही एका रेघेसाठी प्रार्थना करतोय. पाप कबूल केल्याने माणूस लहान होत नाही. बाटली कुठे आहे ते नुसतं सांगा. आम्ही सगळे मिळून ओतून टाकू."

"कसली बाटली?"

"छपरीमागची."

"बाटली?" वर्लीन म्हणाली. "बाटली असती तर मी हसून ओतली असती! बाई आहे ती. कोण ते विचारा त्याला, मी दमले विचारून."

पाळक आणि चारही डीकन एकदम डॉयलकडे वळले. बाई! ही शक्यता त्यांच्या मनात आली नव्हती आणि खरं सांगायचं तर त्यांच्या चेहऱ्यांवर धक्क्याइतकंच कुतूहल होतं. बैठकीत गार चहा आला होता. वर्लीन कितीही दुखावली असली तरी पाहुण्याला चहा न देण्याइतकी नव्हती. कुणीतरी आपला ग्लास भरून घेतला. चहा बर्फावर पडताना बारीक, अखंड, खळखळता आवाज झाला.

त्या आवाजाने डॉयल क्रीच मोडला.

"बाई नाही!" तो ओरडला. "बाटली नाही! मला लघवी होत नाही! कालपासून एक थेंब नाही! त्याआधी अंथरुणात होत होती म्हणून चादरी धुतल्या! झालं? लिहा त्या कागदावर! रेघ काढू नका, लिहा!"

चहा ओतणाऱ्याचा हात तसाच राहिला आणि ग्लास भरून वाहिला. वर्लीनने पदराला हात घालावा तसा ॲप्रनचा कोपरा तोंडात कोंबला. ती रडतेय की हसतेय ते तिलाही कळलं नसावं. पाळकांनी तोंड उघडलं. त्यांच्या शिक्षणात या विषयावर काहीच शिकवलं नव्हतं.

काठी जमिनीवर आपटली. ब्रदर आल्टन उठत होते.

"कालपासून? एक थेंब नाही?"

"नाही."

"पोट दगडासारखं?"

"हो."

"मग प्रार्थना गाडीत करा, गाढवांनो! चावी कुणाकडे आहे?" आणि दाराकडे जाताजाता ते वळले. "माझी न बोललेली काय होती असं वाटलं होतं तुम्हांला, चार वर्षांपूर्वी? हेच! नळी घालून मी तीन महिने फिरलो. आणि तुम्ही ठरवलंत की मी टेकडीवरच्या विधवेकडे जातो. माझा वर्ग काढून घेतलात. पाणी मागायलाही त्या बिचारीच्या दारात मी पुन्हा गेलो नाही."

ज्यांनी तो वर्ग काढून घेतला होता ते तिघं बुटांकडे बघत राहिले. त्यांचे बूट स्वच्छ होते, बघण्यासारखं त्यांत काही नव्हतं.

कौंटीच्या इस्पितळात आधी नळी घातली. दोन लिटरच्या वर निघालं. पिशवी भरली, बदलली, तीही भरली. नर्स म्हणाली तिने बारा वर्षांत एवढं पाहिलं नव्हतं, आणि एवढ्या अवस्थेतही डॉयलच्या चेहऱ्यावर किंचित अभिमान चमकला. वर्लीनने तो पाहिला आणि त्याच्या दंडाला चिमटा काढला.

मग सोनोग्राफी. यंत्र घेऊन जी मुलगी आली तिने गार चिकट मलम त्याच्या कुशीला लावलं आणि नाव वाचून थांबली.

"मिस्टर डॉयल? सेहेचाळीस नंबर? मी मार्लो. तुमच्या बसमध्ये होते, मागून दुसऱ्या सीटवर."

"अरे वा," डॉयल म्हणाला. त्याला ती आठवत नव्हती.

"तिसरीत असताना मी हात वर केला होता. तुम्ही म्हणालात, धर, चारित्र्य घडतं." ती पडद्याकडे बघत होती आणि तिचा हात कुशीवरून सरकत होता. "नाही धरता आलं मला. वर्षभर पोरं मला डबकं म्हणायची."

डॉयलने छताकडे पाहिलं. त्या छताला एकही बदक नव्हतं. मग तो म्हणाला, "चुकलं माझं, पोरी."

"कुशीवर वळा," मार्लो म्हणाली. तिने माफ केलं की नाही ते तिने सांगितलं नाही. पण दुसऱ्या कुशीला लावण्याआधी मलम तिने तळहातात धरून जरा कोमट केलं.

डॉक्टर व्हिसनंट या पन्नाशीच्या बाई होत्या आणि शेतकऱ्यांच्या घरातल्या होत्या. त्यांनी चित्र दाखवलं. दोन्ही मूत्रपिंडं सुजली होती. मधली पोकळी फुगून काळी दिसत होती, आणि डावीकडे भोवतीचा मांसल भाग दाबून दाबून कागदाएवढा उरला होता.

"तुमच्याकडे तळं आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"बीव्हर येतात?"

डॉयलचा चेहरा फुलला. बीव्हरांवर तो तासभर बोलू शकत असे. घुशीहून कितीतरी मोठे हे पाणप्राणी दातांनी झाडं पाडून तळ्याच्या सांडव्याच्या पाइपात काटक्या आणि चिखल कोंबतात, मग पाणी मागे चढतं आणि वरची रताळी सडतात.

"मग तुम्हांला समजावणं सोपं आहे. मूत्राशयाच्या तोंडाशी पुरुषाला एक ग्रंथी असते, प्रोस्टेट. वयाबरोबर ती वाढते. तो तुमचा बीव्हर. पाणी खाली जाईना म्हणून मूत्राशय फुगलं, तेही भरलं तेव्हा वर चढलं, नळ्यांतून थेट मूत्रपिंडात. अंथरूण ओलं व्हायचं ना? ते बंधाऱ्यावरून सांडणारं पाणी. लोकांना वाटतं, गळतंय म्हणजे रिकामं होतंय. गळत होतं कारण काठोकाठ भरलं होतं. त्यात तुम्ही एकतीस वर्षं धरून धरून मूत्राशय आधीच सैल केलेलं. आणि सर्दीच्या गोळीने शेवटची काटकी रोवली."

"म्हणजे हे म्हाताऱ्या पुरुषांचंच दुखणं," वर्लीन म्हणाली.

"छे. खडा अडकला तरी मूत्रपिंड सुजतं, आणि या भागात आपण चहा पितो, पाणी पीत नाही, खडे भरपूर. तेव्हा मात्र माणूस ओरडतो, कारण ते एकदम होतं. गरोदरपणात सुजतं, जन्मतः नळी अरुंद असेल तर तान्ह्या बाळाचं सुजतं, गाठीने दाबलं तरी सुजतं. हळूहळू होतं तेव्हा फारसं दुखतही नाही, तेच वाईट. तुंबलेल्या पाण्यात जंतू वाढतात. ते विष रक्तात गेलं असतं तर ताप, हुडहुडी भरली असती आणि आपण आज वेगळ्या खोलीत बोलत असतो."

"आणि आता?" डॉयलने विचारलं. "वाचतील ना?"

"उजवं वाचेल असं वाटतंय. डावं..." बाईंनी चित्र खाली ठेवलं. "तुम्ही जानेवारीत आला असतात तर ते बहुतेक वाचलं असतं. मार्चमध्ये आला असतात तरी थोडंफार."

मार्च. सात बुधवार. कुणी मोजले नाहीत, पण खोलीत सगळ्यांचे मोजून झाले. वर्लीनला वाटलं होतं आपण चिडू. तिला आठवलं की पलंगाशेजारी ती बॅग अजून उघडी आहे. ती त्याच्या उशाशी बसली आणि एवढंच म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मी दुसऱ्या कुणाला नसतं सांगितलं."

"ठाऊक आहे."

"लूडीलासुद्धा नाही."

"आता त्याचं काय उरलंय?" डॉयल म्हणाला, आणि दोघंही हसली. नळी ओढली गेली तसा तो कळवळला, आणि वर्लीन आणखी हसली.

पाच दिवस तो तिथे होता. मोकळी झालेली मूत्रपिंडं पहिले दोन दिवस उधळल्यासारखी पाणी टाकत राहिली, सलाइन लावून भरपाई करावी लागली. जूनमध्ये वाढलेली ग्रंथी खरवडण्याची शस्त्रक्रिया झाली. उजवं मूत्रपिंड पूर्ववत आलं. डावं गेलं. काढावं लागलं नाही, ते आतच बसून आहे, वर्लीन म्हणते मंडळीतल्या काही डीकनांसारखं.

ऑगस्टमध्ये शाळा उघडली तशी सेहेचाळीस नंबरची बस पुन्हा निघाली. आता ती रोज सकाळी पाइन फोर्कच्या चर्चपाशी सात मिनिटं थांबते. संडासाची चावी डॉयलच्या खिशात असते, आणि मागच्या बाकावर हात वर येण्याआधीच तो आरशात बघून विचारतो, "कुणाला?" कौंटीच्या कचेरीतून वेळापत्रकाबद्दल पत्र आलं. डॉयलने ते संडासातच खिळ्याला अडकवून ठेवलं.

चादरी अजून तोच धुतो. आता तशी गरज नाही, पण वर्लीनचं म्हणणं, देवाने एवढी मोठी किंमत घेऊन एखादी विद्या शिकवली तर ती टाकू नये.

ब्रदर आल्टनना त्यांचा वर्ग परत मिळाला. कुणी चुकलो म्हणालं नाही. पाळक ट्रेंटनी नुसतं रविवारच्या कागदावर त्यांचं नाव छापलं, बारीक अक्षरांत. पहिल्या दिवशी वर्गाला दुप्पट माणसं होती. आल्टननी शास्त्र बाजूला ठेवून आधी सगळ्यांना एक एक पेला पाणी प्यायला लावलं.

पण खरा बदल बुधवारी झाला. 'न बोललेली' हा शब्द पाइन फोर्कमधून गेला. म्हणजे बंदी कुणी घातली नाही. पण हात वर करून कुणी ते म्हटलं की वर्लीन पुढच्या बाकावरून मागे वळते आणि भर सभेत विचारते, "कधीपासून? धार बारीक आहे की येतच नाही?" त्या वर्षात चार पुरुष डॉक्टर व्हिसनंटकडे जाऊन आले. त्यातले दोन वेळेवर गेले.

नोव्हेंबरात एका बुधवारी मिस लूडीचा हात वर गेला. तिच्या सुनेशी काहीतरी बिनसलं होतं, नाव घ्यायचं नव्हतं, आणि जुन्या सवयीने तोंडून निघून गेलं.

"न बोललेली."

खोलीत सहानुभूतीची कुजबुज झाली. सभा संपल्यावर तिच्या कोटाच्या खिशात तीन चिठ्ठ्या निघाल्या, तिन्हींवर डॉक्टर व्हिसनंटचा नंबर. चौथी डॉयलने स्वतः हातात दिली, आणि आवाज जराही न उतरवता म्हणाला,

"धरून ठेवू नकोस, लूडी. मी बघ, अर्ध्यावर आलोय."